मिशीतली गळती

समुद्राशी आमच्या घराण्याचा संबंध मोरीपुरता. अमळनेरचं सांडपाणी बोरीत जातं, बोरी तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. म्हणजे आमच्या मोरीतलं पाणी कित्येक पिढ्या समुद्रावर जातंय, माणूस मात्र एकही गेला नव्हता. आजोबा एकदा सुरतेपर्यंत पोचले होते, पण ते लग्नाचा बस्ता बांधायला. समुद्र जवळच आहे असं कुणीतरी सांगितल्यावर ते म्हणाले होते म्हणे, की त्याचं आपल्याकडे काय काम?

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. सव्वीस वर्षं गुलाबी खडूने फळ्यावर प्रवाळ काढतोय. ते फुलकोबीसारखं येतं आणि पोरं वहीत सरळ फुलकोबीच काढतात. त्यामुळे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पुण्याच्या लेकीने अंदमानची तिकिटं पाठवली, तेव्हा मला नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

"पप्पा, तिथे स्नॉर्कलिंग करायचंच हं," ती फोनवर म्हणाली.

स्नॉर्कलिंग म्हणजे पाण्यावर पालथं पडून राहायचं, तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा आणि खालचे मासे बघायचे. आमच्याकडे नदीत असं पालथं पडलेलं कुणी दिसलं, तर लोक आधी पोलीस पाटलाला बोलावतात.

मला पोहता येतं. पण विहिरीतलं. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं. 'मुंडकं वर ठेव' हा तिथला एकमेव धडा, तोही शिवीसकट. त्या धड्यावर मी पन्नाशी पार केली आणि आता लेक सांगत होती, मुंडकं खाली घाला.

तिने काचेचा मास्क आणि नळीही घरपोच पाठवली. अण्णांनी नळी हातात धरून दोन्ही टोकांतून पाहिलं. अण्णांचं वय चौऱ्याऐंशी, आवाज मात्र चाळिशीतला.

"हाई काय शे? फवारानी नळी लयनी का रे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी नळी परत दिली. "मासा दखाले इतला दूर कसाले जास? बाजारमा बसेल ऱ्हातस ना."

भुसावळहून गीतांजलीने हावडा, मग कलकत्त्याहून विमान. बायकोने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा असा शिधा घेतला होता. बिबड्या विमानात हवाई सुंदरीलाही देऊ केल्या, तिने हसून नाही म्हटलं. प्रवासभर माझा गोंधळ नावांचा. एजंटाच्या कागदावर पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक. पण हॅवलॉकचं 2018 सालीच स्वराज द्वीप झालंय आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम. भूगोलाच्या मास्तरने चार माणसांना विचारत विचारत दोनच ठिकाणं गाठली, हे माझ्या वर्गात कळू नये एवढीच इच्छा.

बेटावर उतरलो आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर! बंगाली निर्वासितांनी वसवलेली ही गावं, पण रिक्षावाला नावं घेत होता तेव्हा मी डोळे मिटले असते, तर धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलन्यांतून चाललोय असं वाटलं असतं. डोळे उघडले की मात्र नारळ, सुपारी आणि संध्याकाळी साडेपाचलाच बुडणारा सूर्य. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र पूर्वेचा. जेवायला बसलो तेव्हा मध्यरात्र झाल्यासारखं वाटत होतं, आणि वाजले होते सात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच एलिफंट बीचकडे निघालो. तिथे जेटीवरून बोटीनेही जाता येतं, पण बोटींची गर्दी व्हायच्या आत एकांत हवा म्हणून आम्ही जंगलातली पायवाट धरली. चिखल, मुळ्या, डोक्यावर न दिसणारे पक्षी. बरोबर विशीतला बंगाली गाईड. वाटेत मगरींपासून सावध राहण्याचा फलक लागला. इथल्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, असं त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. बायको त्यानंतर माझ्या मागे चालायला लागली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

जंगल संपलं आणि समोर ते पाणी. गुलाबी खडूवाल्या माणसाने त्याचं वर्णन करू नये. किनाऱ्यावर 2004 च्या त्सुनामीने पाडलेली झाडं पांढरीफटक होऊन आडवी पडलेली, आणि माणूस म्हणाल तर आम्ही तिघंच. हत्तीही नव्हते. लाकडं ओढायला आणलेले हत्ती या बेटांत एकेकाळी समुद्रातून पोहत जायचे. त्यातला शेवटचा पोहणारा हत्ती, राजन, 2016 साली गेला. हत्तीला काय, नळी जन्मापासून तोंडावर आणि मिशी नाही.

मिशीचं सांगतो.

"मास्क में थूकिए, अंकल," गाईड म्हणाला. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून बोट फिरवायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला अधिकृतपणे थुंकायला सांगत होतं. मी मन लावून थुंकलो. मास्क चढवला. त्यात नाकही कोंबलेलं असतं, म्हणजे श्वास फक्त तोंडाने. छातीभर पाण्यात गेलो, देवाचं नाव घेतलं आणि मुंडकं खाली घातलं.

तीन सेकंद. मग नाकात मीठ. उठलो, खोकलो, मास्क ओतून काढला. पुन्हा खाली. पुन्हा मीठ. चौथ्या वेळेला गाईडने माझा चेहरा हनुवटीला धरून मोटारीच्या इंजिनासारखा न्याहाळला आणि निदान केलं.

"अंकल, मूँछ में लीकेज है।"

मास्कची मऊ सिलिकॉनची कड वरच्या ओठावर चिकटून बसली तरच पाणी अडतं. माझ्या बाबतीत कड आणि ओठ यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षं खत-पाणी घातलेली मिशी होती. केसाकेसामधून समुद्र आत येत होता. ठिबक सिंचन म्हणतात ते हेच, फक्त इथे पीक माझं नाक. बायकोने पायांच्या भेगांसाठी आणलेलं व्हॅसलीन काढलं आणि माझ्या मिशीवर थापलं. त्याने ठिबक थोडं मंदावलं, पण बंद झालं नाही. मासे म्हणून मला जे दिसलं, ते मास्कच्या आत साचलेल्या पाण्यातून डोळे चोळत.

तोवर बायको वाळूत शंख बघत होती. एक छान तपकिरी शंख तिने उचलून दशम्यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. काही वेळाने शंखाला पाय फुटले आणि तो झाकणावरून उतरून चालायला लागला. संन्यासी खेकडा! याला स्वतःचं कवच नसतं, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठी जागा शोधतो. मोठा शंख रिकामा झाला की हे खेकडे कधीकधी उंचीप्रमाणे रांग लावतात आणि एकामागून एक जागा बदलतात. डिपॉझिट नाही, एजंट नाही. "इथलं काही उचलायचं नाही," गाईडने बजावलं. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसतो आणि विमानतळावर सामान तपासतात. बायकोने पदर झटकून दाखवला.

रात्री हॉटेलात मी आरशासमोर उभा राहिलो. गाईडने सांगितलं होतं, नाकाखालची बोटभर पट्टी तेवढी उडवा. मी उडवली. डावीकडे जरा जास्त गेली. बरोबरी करायला उजवीकडे गेलो. पुढचं सांगत नाही, तुमच्याकडेही वस्तरा असेल. बायको न्हाणीच्या दारात आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला वरचा ओठ आहे!"

सकाळी पुन्हा तेच पाणी. मुंडकं खाली. आणि मीठ आलं नाही.

खरं सांगू, मी काही मिनिटं भूगोल विसरलो. माझ्या पोटाखाली फुलकोबी होती! खरोखरची, पण तपकिरी, पिवळट, जांभळट, आणि तिच्यात जीव. वाळूवर एक समुद्रकाकडी पडलेली, हुबेहूब भाजून सोललेलं भरताचं वांगं. निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा आवाज मला ऐकू येत होता, बिबडी चावल्यासारखा कुर्रकुर्र. हा मासा प्रवाळ खातो, दळतो आणि मागच्या बाजूने बारीक पांढरी वाळू सोडतो. त्या मऊ वाळूचं बायको कालपासून कौतुक करत होती. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग गाईडने समुद्रफुलाच्या बोटांत लपलेले केशरी-पांढरे विदूषक मासे दाखवले. वर आल्यावर म्हणाला, यांच्यात सगळ्यात मोठी ती मादी. ती मेली की तिचा नवरा स्वतःच मादी होतो. आदल्या रात्रीच मिशी गमावलेल्या माणसाला ही माहिती द्यायची काही गरज होती का?

परतीला पुन्हा हावडा, भुसावळ, अमळनेर. स्टेशनवरचा रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प झाला. घराशी मी पैसे काढले, तर हात जोडून म्हणाला, "राहू द्या सर. अशा वेळेला नको."

पोरगं संस्कारी निघालं, असं मला वाटलं. कोपऱ्यावर दूध घ्यायला गेलो, तर दुकानातले जिभाऊ उठून उभे राहिले.

"केव्हा झालं?"

"चार दिवस झाले," मी मिशीवरून, म्हणजे ओठावरून, हात फिरवत म्हणालो.

"फार त्रास झाला का?"

"सुरुवातीला. नाकातोंडात पाणी गेलं. मग शांत."

"जवळ कोण होतं?"

"बायको होती ना."

जिभाऊंनी डोळे टिपले. "काही आणलं का तिथून?"

"छे! काही आणू देत नाहीत. सगळं समुद्रातच सोडलं."

"बरं केलं," जिभाऊ म्हणाले आणि दुधाचे पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडे मिशी कधी काढतात, हे मला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही. आठवलं तेव्हा ओट्यापुढे नऊ-दहा माणसं जमली होती. टोप्या घातलेली, माना खाली घातलेली. एकजण हळूच दुसऱ्याला म्हणत होता, "डोकं भादरलं नाही, नोकरी आहे ना." एकाच्या हातात पिशवी, पिशवीतून झेंडूचा हार डोकावत होता.

तेवढ्यात आतून काठी वाजली आणि अण्णा दारात आले. त्यांनी माणसं पाहिली, हार पाहिला, शेवटी माझा ओठ पाहिला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोक्यात दोन सेकंदांत हिशेब जुळला.

"चार मासा दखासाठे तुनी बापले मारी टाकं का रे?"

कुणाला काही सुचेना. ज्याच्या हातात हार होता, तो पिशवी मागे लपवायला लागला. अण्णा खाटेवर टेकले.

"उनात तं बठा आते. चहा पी जा." मग पिशवीकडे बोट करून म्हणाले, "आन् तो हार ठी दे. कामले ई."