'तुमच्या घरातलं कोणी गेलं असतं तर...' या कमेंटला उत्तर

सर, कमेंट वाचली. खाली चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण ते लांबलं म्हणून वेगळं टाकतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, फाशीच्या आदल्या रात्रीसुद्धा कैद्याला कोर्टात जायचा हक्क असतो या माझ्या पोस्टवर सरांचं म्हणणं असं: रात्री कोर्ट उघडायला लावणारे वकील पीडितांच्या जखमेवर मीठ चोळतात. याकूब मेमनचा पहिला दयेचा अर्ज २०१४ मध्येच फेटाळला होता, मग अर्ज फेटाळल्यावर फाशीआधी द्यायचे ते १४ दिवस कसले मागता? निर्भयाच्या आरोपींनी पाळीपाळीने अर्ज करून कायद्याची चेष्टा केली. आणि शेवटी, 'तुमच्या घरातलं कोणी गेलं असतं तर तुम्ही लोकांनी एसीत बसून असलं लिहिलं नसतं.'

पहिल्यांदा एक मान्य करते, पोस्टचं शीर्षक भडक होतं. बदललंय. झालं?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. सुरुवात 'ताई' म्हणून केलीत आणि तिसऱ्या ओळीत मी 'तुम्ही लोक' झाले, हे लोक म्हणजे नेमके कोण हो? एसीचं म्हणाल तर घरात कूलर आहे, त्याचीही मोटर गेलीय. मुद्दा आवडला नाही तर मुद्द्यावर बोला ना, माझ्या घरात कोण मेलं पाहिजे होतं याची चौकशी कशाला?

पण विचारलंच आहे तर ऐका. माझ्या सख्ख्या मामाचा खून झालाय. बांधाच्या भांडणातून, भरदुपारी. मामी तालुक्याहून जिल्ह्याच्या कोर्टात एसटीने जायची, पिशवीत भाकरी-चटणी बांधून, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची पुकारा होईपर्यंत, आणि पुकारा झाला की कळायचं साहेब रजेवर, तारीख पडली. सुट्टीत मी तिच्यासोबत जायचे. सेशन्सला जन्मठेप झाली, पुढे हायकोर्टात दोघं सुटले, आणि ते सुटल्याचं मामीला कोणी सांगितलं माहितीय? गावातल्या दुकानदाराने, पेपर वाचून. अपील कधी लागलं, कधी चाललं, एक कागद घरी आला नाही. तिला फाशीच हवी होती, आजही ती तेच म्हणते, मी ते लपवत नाहीये. पण तिने समोरच्या वकिलाला कधी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या त्या न कळवणाऱ्यांना. त्यामुळे पीडितांचा ठेका फक्त तुमच्याकडे आहे असं कृपया समजू नका.

आणि मी पोस्टमध्ये लिहिलं ते याच न कळवण्याबद्दल होतं, जे तुम्ही बहुतेक वाचलंच नाही. शत्रुघ्न चौहान निकालात, जानेवारी २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने १४ दिवस ठरवले ते लाड म्हणून नाही. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळल्यावर माणसाने घरच्यांना भेटावं, काय ती निरवानिरव करावी, आणि कायद्यात काही उरलं असेल तर कोर्टात जावं, एवढ्यासाठी. त्याच्या आदल्या वर्षीच अफझल गुरूला तिहारमध्ये शनिवारी फाशी दिली आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट काश्मीरला पोचलं सोमवारी. अफझलबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मला माहितीय, लिहू नका. त्याच्या बायकोने काय केलं होतं एवढंच सांगा.

बरं, उशीर वकील करतात म्हणता ना, मग आपल्या पुण्याचंच घ्या. २००७ ची, बीपीओत म्हणजे कॉल सेंटरसारख्या कंपनीत कामाला असलेल्या मुलीच्या बलात्कार आणि खुनाची केस. सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली मे २०१५ मध्ये, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला मे २०१७ मध्ये, आणि पुण्याच्या सेशन्स कोर्टातून वॉरंट कधी निघालं? एप्रिल २०१९. जवळजवळ दोन वर्षं! जेल, सरकार, कोर्ट, पत्रं इकडून तिकडे, आणि मग एकदम घाई, २४ जूनला फाशी. आरोपी हायकोर्टात गेले, २१ जूनला स्टे, जुलैत फाशी जाऊन ३५ वर्षांची शिक्षा, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. शेवटच्या आठवड्यातली ती धावपळ तेवढी टीव्हीवर दिसली. फाइल दोन वर्षं कुठल्या टेबलावर होती ते कोणी दाखवलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. त्या मुलीच्या घरच्यांच्या जखमेवर मीठ चोळलं असेल तर ते त्या टेबलावरून.

दुसरंही पुण्याचंच. १९९४ चं राठी हत्याकांड, सात खून, त्यात लहान मुलं. सगळ्या कोर्टांतून फाशी कायम झालेला त्यातला एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं मार्च २०२३ मध्ये, राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून. अठ्ठावीस वर्षं आत काढून तो सुटला. अल्पवयीन असल्याचा दावा केस संपल्यावरही करता येतो, असं कायद्यात लिहिलंय म्हणून. तुमच्या हिशेबाने 'आता बास, खूप झाले अर्ज' असं कधी म्हणायचं होतं? त्याचं वय रजिस्टरमध्ये सापडायच्या आधी की नंतर? आणि हो, सात खून विसरले नाहीये मी, म्हणूनच आकडा लिहिलाय.

याकूबचं म्हणाल तर कोर्टानेही तुमच्यासारखंच म्हटलं, ३० जुलै २०१५ च्या पहाटे, तीन न्यायमूर्तींनी तीन वाजून वीस मिनिटांनी सुनावणी सुरू करून, आणि दोनेक तासांनी नागपूरला फाशी झाली. पण ऐकलं ना? ऐकून नाही म्हटलं. माझा मुद्दा ऐकण्यापुरताच होता. त्याला वर्षभर मिळालं होतं की नव्हतं यावर पुन्हा कधीतरी लिहीन, आज नाही. निर्भयाच्या चौघांचे डावपेच होते, असतीलही, २० मार्च २०२० ला फाशी झालीच की. त्यावरून सगळ्यांचा हक्क काढून घ्यायचा म्हणजे फारच झालं.

तुमची कमेंट डिलीट करणार नाही, वर आहे तशी राहील. पुढची लिहाल तेव्हा पुण्याच्या केसमधल्या त्या दोन वर्षांबद्दल काहीतरी लिहा, आणि माझ्या घरच्यांना त्यातून वगळा. 'तुम्ही लोक' परत दिसलं तर अप्रूव्ह करणार नाही, आधीच सांगून ठेवते.