स्फुरण येतं कुठून, आणि सहा अक्षरांचं काय करायचं

वेचणी सुरू झाली की साहित्याच्या ग्रुपांवर कापसाच्या कवितांचाही हंगाम सुरू होतो. त्यातल्या बऱ्याच कवितांखाली 'आपोआप सुचली' असं लिहिलेलं असतं. सुचली असेलही. पण सुचणं ही बियाणं हाती पडल्यासारखी गोष्ट आहे. पेरणी, डवरणी, निंदण सगळं पुढेच असतं.

स्फुरण म्हणजे बहुतेक वेळा कानात अडकलेला एखादा शब्द. 'उलंगवाडी' घ्या. शेवटचा वेचा झाला, पऱ्हाटीवर म्हणजे कापसाच्या झाडावर काही उरलं नाही, हंगाम सरला, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. 'सीतादही' घ्या. पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो शब्दच अर्धी कविता आहे. असे शब्द सोडून 'हिरवा शालू' आणि 'धरणीमाता' का उचलायची?

दुसरा उगम म्हणजे कोणीतरी केलेली मागणी. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नखेळाच्या प्रसंगाने तिने ते म्हटले, असं महानुभाव परंपरा सांगते. प्रसंग ठरलेला, चाल ठरलेली, ऐकणारे समोर बसलेले. मराठीतली आद्य कवयित्री एकांतात वाट बघत बसली नव्हती. म्हणून कोणी बारशासाठी, भुलाबाईसाठी चार ओळी मागितल्या तर त्याला कमी समजू नका.

आता बांधणी. नव्याने लिहिणाऱ्याने मोठा अभंग हातात घ्यावा. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, एकूण 22. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणजे 'पऱ्हाटी' तीन अक्षरं. मोजणी बोटांवर करा, डोळ्यांनी चुकते.

हे बघा:

पांढरे सोने हे
शेतात फुलले
मन हे डुलले
आनंदाने

अक्षरं बरोबर, यमक चोख, आणि कविता मेलेली. 'पांढरे सोने' बाजाराच्या बातमीतून आलं. 'हे' दोनदा आलं ते फक्त सहा भरायला. असे भरीचे शब्द, 'हे, ते, ही, तो, रे', पहिल्या खर्ड्यात खोडा. खोडल्यावर जी जागा रिकामी होते तिथेच खरा शब्द बसायचा असतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मन कोणाचं डुललं? वाळलेल्या बोंडाची टोकं दिवसभर बोटांना ओरबाडतात. वेचणारीला किलोमागे मजुरी मिळते. तिचं मन डुलत नाही, तिचं लक्ष सांजेच्या वजनाकडे असतं.

म्हणून आधी हात बघा, मग अक्षरं मोजा:

नखाच्या कडेला
सुकलं रगत
काट्याच्या लगत
ओटी जड

इथे 'काटा' दोन्ही कामं करतो, टोचणारा आणि तोलणारा. पण चौथा चरण खोटा आहे. ओटी तोलत नाहीत. ओटीतला कापूस गाठोड्यात जातो आणि काट्यावर गाठोडं चढतं. वेचणाऱ्या बाईला ही ओळ ऐकवली तर ती तिथेच थांबवेल. मग 'गाठोडं गं' करायचं? चार अक्षरं होतात, पण 'गं' पुन्हा भरीचा. 'गाठ सुटे' केलं तर चार अक्षरांत वजन झाल्यावरचं गाठोड्याचं मोकळं होणंही येतं आणि दिवसभर आवळलेलं मनही येतं. मनाचं नाव घ्यावं लागत नाही. दुरुस्ती अशी वस्तूतून यावी.

एक गोष्ट मनापासून खुपते, ती लिहितो. शेतकऱ्याच्या मरणावर आपल्या भागात ढिगाने कविता होतात आणि जवळपास सगळ्या एकाच जागी जाऊन थांबतात. कारण 'फास' म्हटलं की 'घास', 'श्वास', 'आस' आपसूक धावत येतात. मग कविता आपण लिहीत नाही, यमक लिहितं. त्या घरातलं दुःख यमकाच्या सोयीचं नसतं. अशा विषयावर 'फास' हा शब्द न वापरता लिहून बघा. उधारीची वही, गोठ्यातली रिकामी दावण, शाळेतून लवकर परतलेलं पोरगं, काहीतरी दिसायला लागेल.

गझलेकडे जायचं तर अक्षरं सोडून मात्रा मोजाव्या लागतात, लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराची दोन. 'ल' म्हणजे लघु, 'गा' म्हणजे गुरू. 'गालगागा' तीनदा आणि शेवटी 'गालगा' म्हणजे 26 मात्रा. पण मात्रा जुळल्या म्हणजे झालं असं नाही, लघु-गुरूचा क्रमही पाळावा लागतो. आणि काफियातला, म्हणजे यमकाच्या शब्दातला, शेवटच्या अक्षराआधीचा स्वर मोडला की मक्त्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या शेरापर्यंत, सगळं मोडतं: 'माती, राती, हाती' चालेल, 'होती' नाही. अमरावतीच्या सुरेश भटांनी हे नियम साध्या मराठीत लिहून ठेवले आहेत. ते न वाचता 'गझल' म्हणून पोस्ट टाकू नये.

खर्डा झाला की आठ दिवस वही मिटून ठेवा. मग चालता चालता मोठ्याने म्हणा. जिथे जीभ अडते तिथे शब्दांचा क्रम यमकासाठी उलटा केलेला असतो.

बोलीत लिहित असाल तर यमकंही बोलीचीच धरा. वऱ्हाडीत 'काळा'चा 'काया' होतो, तो 'माया'शी जुळतो. 'पाणी'चं 'पानी' होतं, ते 'रानी'शी जुळतं. अंकाला कविता पाठवताना वरच ठळक लिहा: बोली आहे, शुद्धलेखन बदलू नये. नाहीतर मुद्रितशोधक 'काया'चा 'काळा' करतो आणि खालची 'माया' एकटी पडते.