तुकडा कुठून घेतला, कशात ठेवला?

एपिडर्मोलिसिस बुलोसा ॲक्विझिटा या, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे त्वचेवर फोड येणाऱ्या आजारावरच्या लेखात 'बायोप्सीवरून (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरून) निदान होते' एवढेच आले आहे. या आजारात तेवढ्याने भागत नाही. साध्या स्लाइडवर बाह्यत्वचेखाली फट दिसते, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी-जास्त. बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचा दुसरा आजारही असाच दिसू शकतो. म्हणून दोन तुकडे हवेत. एक ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मॅलिनमध्ये. दुसरा फोडालगतच्या अखंड त्वचेचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (त्वचेतली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी), मिशेल द्रावणात (नमुना टिकवून नेण्याचे द्रावण). हा दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पडला की तपासणी वाया गेलीच! ठाण्यातून नातेवाइकांच्या हाती नमुना मुंबईला पाठवताना दोन्ही बाटल्यांची लेबले नीट समजावून द्यावीत. पुढे १ मोलर मिठाच्या द्रावणात त्वचा दुभंगवली की आयजीजी हे प्रतिपिंड फटीच्या तळाला चमकते, पेम्फिगॉइडमध्ये सहसा छताला. कारण इथे हल्ला सातव्या प्रकारच्या कोलॅजनवर (त्वचेचे थर जोडून ठेवणाऱ्या प्रथिनावर) असतो आणि ते तळाकडेच राहते.