डबल स्टँडला लावा, मॅडम!

स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये शिटी वाजली की समजायचं, कुणीतरी साइड स्टँडवर गाडी टेकवलीय. परवा ती शिटी माझ्यासाठी होती. "मॅडम, डबल स्टँडला लावा. जागा जाते." मागणी रास्त आहे. कलंडलेली गाडी शेजारच्याची अर्धी जागा खाते, आणि ओळीतली एक गेली की पुढच्या सगळ्या एकमेकींच्या अंगावर. त्यामुळे तक्रार शिटीवाल्याबद्दल नाही. (आहे, पण ती नंतर.) तक्रार आहे ती शेजारी स्कूटरला कव्हर घालत असलेल्या काकांबद्दल. शिटी ऐकून त्यांनी कव्हर खाली ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, "थांबा ताई, तुम्हाला नाही जमायचं."

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. वजन पेट्रोल-ऑइलसकट १९५ किलो. हा आकडा कळला की माणसं एकतर छाती फुगवतात नाहीतर हात जोडतात. दोन्हीची गरज नसते, कारण १९५ किलो कुणी उचलतच नाही. पुढचं चाक जमिनीवरच राहतं आणि आपल्या वाट्याचं वजन तेच धरतं. उरलेला मागचा भाग जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वर जायचा असतो, आणि तोही दंडाने नाही, दांड्याने. स्टँडला डाव्या बाजूला बाहेर आलेला तो लोखंडी दांडा म्हणजे तरफ आहे. हापशाचा दांडा दाबताना जसं अंग टाकतात तसं त्याच्यावर अंग टाकायचं. स्टँडचे दोन्ही पाय टेकलेले असले की गाडी जराशी वर, जराशी मागे जाते, स्टँड उभ्या रेषेच्या किंचित पुढे सरकतो आणि अडकणीवर 'खट्'. पन्नास-साठ किलोच्या माणसाला हे पुरेसं आहे. व्यायामशाळेचा संबंध नाही.

काकांना हे मान्य नव्हतं.

"मिस्टर आलेत का सोबत?"

"नाही."

"मग गाडी आणली कुणी?"

मी हेल्मेट हातात धरून उभी होते. काकांनी हेल्मेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या दोन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंकाही त्यांच्या मनाला शिवली नाही. उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःची कागदपत्रं सादर केली. पहिली येझदी. तिची किक मारायची दांडीच पुढे वळवली की गिअरची दांडी व्हायची, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. (हे खरं आहे.) मग राजदूत. मग चेतक. "चेतकला साइड स्टँड हा प्रकारच नव्हता ताई! आमची पिढी डबल स्टँडवर वाढली."

घोळ इथेच आहे. चेतक ही जुनी पत्र्याची स्कूटर. वजन क्लासिकच्या निम्म्याच्या आसपास, चाकं दहा इंची. ती स्टँडवर चढवायला तंत्र लागतच नाही, एक पाय आणि एक झटका पुरतो. त्या झटक्यावर पोसलेला आत्मविश्वास माणूस पुढे जन्मभर सगळ्या दुचाक्यांना लावतो.

"जोर खांद्यात पाहिजे," काका म्हणाले. "श्वास रोखायचा. पोट आत. मी मागून उचलतो, तुम्ही नुसतं ओढा."

"काका, उचलायचं नसतं..."

"तुम्ही फक्त हँडल धरा."

आणि ते उजवीकडे गेले. आता, डबल स्टँड लावताना गाडीच्या उजवीकडे जाण्याचं काही कारण नसतं. दांडा डावीकडे, आपण डावीकडे, गाडी किंचित आपल्याकडे झुकलेली. पलीकडून कुणी रेटलं की ती आपल्या अंगावर येते, ओढलं की त्याच्या. शिवाय उजवीकडे सायलेन्सर असतो.

"सायलेन्सर गरम आहे, काका."

"पुष्कळ बघितलेत सायलेन्सर."

पुष्कळ बघितलेल्यांतला हा एक त्यांच्या पँटला चिकटला. टेरिलीनचा पोटरीएवढा चट्टा क्रोमवर वितळून बसला आणि वर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सायलेन्सर मी मुद्दाम तापवून आणला होता. (हा डाग गाडी गरम असतानाच लाकडी पट्टीने हलकेच खरवडावा, थंड झाल्यावर तो दगड होतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलात तर डाग जाईल, क्रोमही जाईल.)

भाजल्यावर माणूस माघार घेईल ही अपेक्षा चूक. काका मागे गेले, टेल लँपखालच्या मडगार्डला दोन्ही हात घातले आणि म्हणाले, "एक... दोन..." आणि दोनलाच उचललं. तिघांत, चौघांत मिळून जड वस्तू उचलताना 'तीनला' की 'तीन म्हणून झाल्यावर' हा वाद सनातन आहे, पण दोनला उचलणारा माणूस निराळाच. मागचं चाक हवेत, स्टँड अजून मागे दुमडलेला, गाडीचा तोल पूर्णपणे एका टेरिलीनधारी अनोळखी इसमाच्या हाती. मी पुढचा ब्रेक दाबला, ते "ओढा, ओढा!" म्हणून ओरडले, मी "ठेवा, ठेवा!" म्हणून ओरडले. शिटीवाल्याने शिटी वाजवली. त्याचं काम ते.

शेवटी काका रुमाल शोधायला स्कूटरच्या डिकीकडे वळले तेवढ्यात मी गाडी लावली. खट्. ते वळले, गाडी बघितली, समाधानाने मान हलवली. "बघा! श्वास रोखलात ना?" आणि शिटीवाला म्हणाला, "काका होते म्हणून बरं झालं, मॅडम."

तर, श्वास न रोखता. जमीन सपाट आणि टणक हवी. गाडी न्यूट्रलला, कारण चढताना ती मागे सरकते आणि गिअरमध्ये अडकलेलं मागचं चाक सरकू देत नाही. त्याच कारणाने पुढचा ब्रेक मोकळा. हा ब्रेक बरेच जण भीतीने दाबून धरतात आणि मग गाडी जड आहे म्हणतात. मागे बसणाऱ्याचं डावं फुटरेस्ट दुमडून घ्या, नाहीतर नडगीवर निळा ठसा उमटतो. नवख्यांनी साइड स्टँड उघडाच ठेवावा, तोल डावीकडे गेला तर तो झेलतो. डावा हात डाव्या मुठीवर, हँडल सरळ. उजवा हात सीटजवळच्या धरायच्या दांडीवर. ती पक्की लोखंडी असेल तरच, फायबरच्या पॅनेलला धरलंत तर पॅनेल हातात येतं. मग गाडी सरळ उभी करा आणि उजव्या पायाने दांडा नुसता खाली दाबा.

यापुढचा क्षण सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच सगळे गाळतात. स्टँडला दोन पाय आहेत. गाडी जराशीही डावीकडे कललेली असली की एकच पाय टेकतो, आणि तसंच अंग टाकलं की गाडी वर न जाता वळते. म्हणून दांडा दाबून धरून गाडी बोटभर उजवीकडे-डावीकडे हलवायची. दोन्ही पाय टेकले की तळपायाला कळतं, डुगडुग थांबते. आता पायाचा मधला भाग, म्हणजे बुटाच्या टाचेपुढची खाच, दांड्यावर बसवा, गुडघा सरळ करत त्याच्यावर चक्क उभं राहा. उजवा हात फक्त वर-मागे दिशा दाखवतो. त्या हाताने उचलायला गेलात तर पाठीतून जो आवाज येईल तो स्टँडचा नसेल. चप्पल, विशेषतः पावसाळी प्लॅस्टिकची, घालून हे करू नये. ओल्या दांड्यावरून पाय सटकला की दांडा उसळून थेट घोट्यावर येतो.

इतकं करूनही चढत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी मागच्या टायरला अंगठ्याने दाबून बघा. हवा कमी असली की गाडी खाली बसते आणि स्टँडला तेवढंच जास्त वर ढकलावं लागतं. महिनोन् महिने हवा न बघणारी मंडळी या एका कारणाने गाडीला आणि वयाला शिव्या देत असतात. डिकीतलं सामान, पाठीमागची बॅग, सीटवर बसवून ठेवलेलं मूल, हे सगळं आधी उतरवा. आणि घरच्या पार्किंगमध्ये तर सोपी युक्ती आहे. पाऊण इंच जाडीची फळी ठेवायची आणि मागचं चाक तिच्यावर चढवायचं. जे दोन-तीन सेंटिमीटर उचलायचे होते त्यातले बहुतेक फळीने उचलले, उरलं ते पायाच्या अंगठ्याचं काम. ज्यांनी हौसेने जाडा टायर टाकलाय त्यांचं उलट होतं. गाडी मुळातच उंच झालेली, स्टँड लोण्यासारखा लागतो, पण चाक जमिनीला टेकूनच राहतं. मग चेन साफ करायला चाक फिरवायचं कसं? आणि चेन साफ करणं, तेल लावणं, मागचं चाक काढणं यांसाठीच तर हा स्टँड आहे. पार्किंगवाल्यांसाठी तो केलेला नाही, त्यांचा तसा समज असला तरी.

उतारावर गाडीचं तोंड उताराकडे करून डबल स्टँड लावू नये. गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप मिटतो, तो तसाच बनवलेला आहे, आणि गाडी निघते फिरायला. मे महिन्यात डांबरावर स्टँडचे पाय रुततात, म्हणून खाली पट्टी हवीच. उतरवताना न्यूट्रल बघून, साइड स्टँड आधी उघडून, डावीकडेच उभं राहून पुढे ढकलायचं. चाक टेकलं की मगच पुढचा ब्रेक. गाडी चालू करून, गिअरमध्ये टाकून, ऐटीत स्टँडवरून उडी मारणारे वीर दिसतात. मागचं चाक जमिनीला लागेल तेव्हा ते फिरत असतं, आणि त्यानंतर दिशा गाडी ठरवते. नव्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड उघडा असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, तेव्हा निदान तेवढी तरी सोय झाली.

अर्थात हे सगळं गाडीला डबल स्टँड असेल तर. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांना तो नसतोच. 'वजन वाचतं' म्हणतात. खिशातलं वाचत नाही, कारण चेन साफ करायला वेगळा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, विकत घ्यावा लागतो. अशा गाडीच्या मालकाला शिटीवाला काय करायला सांगतो, हे बघण्यासाठी मी एकदा मुद्दाम थांबणार आहे.

राहिली शिटीवाल्याची तक्रार. त्याची दुसरी अट असते, "हँडल लॉक करू नका." का, तर आपण गेल्यावर त्याला ओळ दाबायची असते. डबल स्टँडवरची गाडी तो मागून धरतो, आणि स्टँडच्या पायांवरच गर्रकन फिरवतो, फरशीवर 'कर्रर्र' आवाज करत. स्टँड सरळ खाली वजन घेण्यासाठी केलेला असतो, आडवा पीळ त्याला सोसत नाही. आधी बुश (स्टँड ज्या पिनवर फिरतो तिच्याभोवतीची नळी) सैल होतो, मग पिनचं भोक मोठं होतं, मग स्टँड लळतलोंबत खड्ड्याखड्ड्याला खडखडतो. स्प्रिंग ताणून ताणून एक दिवस सुटते, आणि लोंबणारा स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला घासला की गाडी उचलून फेकते. ही किरकिर नाही, आपटण्याचं खरं कारण आहे. स्प्रिंग नवी बसवायची तर स्टँड पूर्ण उघडून ताणलेल्या जुन्या स्प्रिंगच्या वेढ्यांत वॉशर खोचून ठेवायचे. मग स्टँड मिटला तरी ती आखडत नाही आणि हाताने निघते. नवीही तशीच ताणून बसवता येते. त्याच वेळी पिनही काढलीत तर जुनी चिकट घाण पुसून ग्रीस भरा. पावसाळ्यानंतर तर भराच, चिखलाने धरलेला स्टँड परत वरच जात नाही.

पावतीच्या मागे मात्र बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'वाहनाची जबाबदारी मालकाची.' पैसे आगाऊ, पावती पुसट, गाडी मी लावायची, फिरवणार तो, आणि बुश माझा. गॅरेजवाला मुलगा स्टँड दोन बोटांनी डुलवून बघतो आणि विचारतो, "ताई, स्टेशनला लावता का गाडी?"