राहत्या घराचा घरफाळा

घरफाळ्याची, म्हणजे मालमत्ता कराची, बिले वाटली जाऊ लागली की कोल्हापुरात चर्चा होते ती दंडाची आणि सवलतीच्या मुदतीची. त्या घरात राहतो कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते आकारणीत तोच प्रश्न आधी यायला हवा.

आपल्या महापालिकेची आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरच्या (शासनाने ठरवलेल्या मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या) दरावर उभी आहे. बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे भारांक त्यात धरले जातात हे खरे, परंतु मूळ आकडा बाजारभावाचाच असतो. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वडिलोपार्जित दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त माणसाच्या घराची किंमत कागदावर वाढते, तेव्हा त्याच्या हाती एक रुपयाही येत नाही. ती वाढ हातात घ्यायची तर राहते घरच विकावे लागेल. गुंतवणूक म्हणून चौथा फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्याची गोष्ट निराळी आहे.

पुण्यात 1970 पासून, स्वतः राहणाऱ्या मालकाला करयोग्य मूल्यात (ज्या रकमेवर कर आकारतात तिच्यात) 40 टक्के सवलत मिळत असे. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर ती थांबली आणि 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात अनेकांना पूर्ण रकमेची बिले गेली आणि सवलतीसाठी पीटी-3 हा अर्ज पुराव्यांसह भरावा लागला. यावरून आपण एवढे तरी शिकावे की अशी सवलत नुसत्या ठरावावर न ठेवता तिला सुरुवातीलाच शासनाची मान्यता घ्यावी. मुंबईने 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ केला, पण तिथला निकष क्षेत्रफळाचा आहे. भाड्याने दिलेली लहान घरेही त्यात बसत असतील, तर राहणाऱ्याला दिलासा हा हेतू पातळ होतो. मला पुण्याची रीत अधिक न्याय्य वाटते.

एक धोका मात्र आहे. अशा सवलतीमुळे पालिकेच्या उत्पन्नात पडणारी तूट भरून काढण्यासाठी भाड्याच्या निवासी घरांवरचा दर चढवला, तर मालक तो बोजा भाड्यात टाकणार, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबणारा, शहरात खोली घेऊन राहणारा कामगार माझ्या घराची सवलत भरणार. असली सवलत मला नको.

तूट होणारच, हेही मान्य केले पाहिजे. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण त्यानंतर कित्येक दशके हद्द तशीच राहिली, म्हणजे घरफाळा देणारे क्षेत्र वाढले नाही. जकात गेली, नंतर एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही गेला, म्हणजे उत्पन्नाचे ते मार्गही बंद झाले. म्हणून सवलत घरफाळ्याच्या बिलातील फक्त सर्वसाधारण करात असावी, कुटुंबाच्या एकाच घराला असावी आणि तिला क्षेत्रफळाची मर्यादा असावी. ताराबाई पार्कातील प्रशस्त बंगल्याला, मालक स्वतः राहत असला तरी, तिची गरज नाही. (बंगलेवाले मित्र रागावतील, त्याला इलाज नाही.)

पुराव्यासाठी वीजबिल, मतदार यादीतील नाव आणि स्वयंघोषणापत्र पुरेसे व्हावे. घोषणा खोटी निघाली, तर वाचवलेला कर दरमहा 2 टक्के शास्तीसह वसूल करावा आणि ही अट अर्जावरच ठळक छापावी.