वडाप, एसटी आणि सिनेटर लीबरमन

परवा दिवाळीच्या फराळाला आमचे एक ज्येष्ठ मित्र आले होते. चकली मोडता मोडता म्हणाले, "आरोग्य सरकारच्या हातात दिलं की संपलंच. मग आपण अमेरिकेत आलो कशाला?" आणि पाचच मिनिटांत पाकिटातून मेडिकेअरचं, म्हणजे ६५ वर्षांनंतर मिळणाऱ्या विम्याचं, कार्ड काढून दाखवलं. लाल-पांढरं-निळं, नवं कोरं, वर लॅमिनेशन. आता मोतीबिंदूचं उरकून घेतो म्हणाले. मी म्हटलं, "अहो, हेही सरकारीच की!" तर म्हणे, "हे वेगळं. याचे पैसे भरलेत मी."

पाहुण्यांशी वाद घालायचा नाही, असं बायकोच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. म्हणून इथे लिहितोय.

२००९च्या उन्हाळ्यात ओबामांच्या आरोग्यविमा विधेयकावरून हेच चाललं होतं. साउथ कॅरोलायनात खासदाराच्या सभेत एका माणसाने बजावलं होतं, माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावायचा नाही! मेडिकेअर १९६५ पासून सरकारचीच आहे. त्याच ऑगस्टमध्ये रिपब्लिकन नेत्या सारा पेलिनबाईंनी 'डेथ पॅनेल'ची, म्हणजे कोणाला उपचार द्यायचे ते सरकारी मंडळ ठरवणार अशी, आवई उठवली, तीही फेसबुकवर पोस्ट टाकून. या माध्यमाची परंपरा जुनी आहे.

मुळात मागणी केवढीशी होती? ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही, त्यांनी बाजारातून घ्यायचा. त्या बाजारात दहा खाजगी कंपन्यांच्या शेजारी सरकारची एक विमा योजना ठेवायची, हाच तो 'पब्लिक ऑप्शन'. घ्या नाहीतर घेऊ नका. दवाखाना खाजगीच, डॉक्टर खाजगीच. ओबामांनी सप्टेंबरमधल्या भाषणात सांगितलं होतं की ५ टक्क्यांहून कमी लोक त्यात येतील. 'सरकारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळकं छप्पर आणि चहाला गेलेले डॉक्टर येतात, पण इथे तो विषयच नव्हता.

मग ५ टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? याचं उत्तर मला कऱ्हाडच्या स्टँडवर मिळालेलं आहे.

कॉलेजात असताना पाटणला जायचं तर एसटी नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खाजगी जीप. वडापवाला भाव सांगायच्या आधी मान वळवून स्टँडकडे बघायचा. पाटण गाडी फलाटाला लागलेली असली की एसटीएवढेच पैसे, वर "बसा की पुढं, पाव्हणं". शेवटची एसटी गेली की दुप्पट, आणि जीपच्या टपावर. मी वडापनेच जास्त गेलोय. पण माझं भाडं ठरवायची ती न पकडलेली एसटी. पुढे २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने हे कागदावरच आणलं: खाजगी ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीच्या वर जाता कामा नये. (दिवाळीत पुणे-नागपूर तिकीट काढणाऱ्यांनी इथे हसू नये.)

मी राहतो कनेटिकट राज्यात, हार्टफर्डजवळ. हे विमा कंपन्यांचं गाव. मीही एका कंपनीत क्लेमच्या सिस्टिमवर काम करायचो, म्हणजे ज्या पत्रावर 'हा खर्च देय नाही' असं छापून येतं, त्या पत्राच्या मागचा कोड. २००८च्या जुलैत नोकरी गेली. जुना विमा कोब्रा नावाच्या कायद्याखाली चालू ठेवता येतो, पण हप्त्यात मालकाचा वाटाही आपणच भरायचा आणि वर २ टक्के. बायकोला मधुमेह. बाहेर विमा शोधायला फोन केले की 'डायबेटिस' हा शब्द उच्चारेपर्यंत पलीकडचा आवाज गोड असायचा. त्या सात महिन्यांत माझ्या स्टँडवर एकही एसटी नव्हती.

पुढचं राजकारण थोडक्यात. प्रतिनिधीगृहाने नोव्हेंबर २००९मध्ये २२० विरुद्ध २१५ मतांनी पब्लिक ऑप्शनसकट विधेयक मंजूर केलं. पण तोवर मेडिकेअर रुग्णालयांना देते त्या दराशी त्याची सांगड घालायची कल्पना निघून गेली होती. सरकारने प्रत्येक रुग्णालयाशी दरांची घासाघीस करायची, असं ठरलं. संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने सांगितलं की याचा हप्ता खाजगीपेक्षा थोडा जास्तच पडेल. म्हणजे डिझेल काढून घ्यायचं आणि म्हणायचं, बघा, एसटी चालतच नाही. याचा दोष मी फक्त रिपब्लिकनांना देत नाही.

सिनेटमध्ये ६० मतं लागत होती, आणि ओबामांच्या बाजूला नेमकी ६०च होती. कुंपणावर बसलेले बरेच होते, पण दार लावलं ते आमच्याच कनेटिकटच्या जो लीबरमननी. पब्लिक ऑप्शन ठेवलात तर मत नाही. बरं, मग तडजोड निघाली: ५५ ते ६४ वयाच्यांना पैसे भरून मेडिकेअर घेता यावं. तीन महिन्यांपूर्वी हेच गृहस्थ या कल्पनेच्या बाजूने बोलले होते. आता तेही नको! २४ डिसेंबरला सिनेटने विधेयक मंजूर केलं, दोन्ही गोष्टी वगळून. मार्च २०१०मध्ये सही झाली. मधुमेहावरून विमा नाकारणं त्या कायद्याने बंद केलं, हे मोठं काम झालं, आणि आमच्या घरात ते रोज जाणवतं.

गंमत म्हणजे २००६मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकीत लीबरमनना हरवणारे (लीबरमन मग अपक्ष म्हणून निवडून आले) नेड लॅमोंट आज आमचे गव्हर्नर आहेत. २०२१मध्ये राज्यापुरत्या पब्लिक ऑप्शनचं विधेयक आलं, तर त्यांनीही होकार दिला नाही. गावच विमावाल्यांचं!

वॉशिंग्टन राज्याने मात्र २०२१पासून सुरू केलंय. विमा खाजगी कंपनीच देते, पण रुग्णालयांना एकूण किती द्यायचं त्याला मेडिकेअरच्या दराच्या १६० टक्क्यांची मर्यादा. आपल्या ट्रॅव्हल्सच्या दीडपटीची आठवण झाली ना? सुरुवातीला बरीच रुग्णालयं त्या योजनेत यायलाच तयार नव्हती; शेवटी कायद्याचा बडगा दाखवावा लागला.

मी आता ६१ वर्षांचा आहे. गुडघे कुरकुरतात, नोकरीचा कंटाळा आलाय, घराचं कर्ज फिटलंय. नोकरी सोडली तर दोघांच्या विम्याचा हप्ता किती, ते फराळाची भांडी घासून झाल्यावर लॅपटॉपवर काढलं. फेडलेल्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त निघाला. ती ५५ ते ६४ची तडजोड टिकली असती, तर त्यात मी आज बसलो असतो. बायकोने आकडा बघितला, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "सोमवारी सकाळी मीटिंग आहे ना तुझी? झोप."