खड्डा तोच ठेवा

समाजसेवा करणाऱ्या क्लबचे अध्यक्ष झालात, अभिनंदन! 1 जुलैला गळ्यात अध्यक्षपदाची कॉलर पडली की हातात मोजून बारा महिने. नागपुरात तेव्हा पाऊस नुकताच मुरायला लागलेला असतो, त्यामुळे शुभारंभ वृक्षारोपणानेच करा. फक्त नवी जागा शोधत बसू नका. मागच्या अध्यक्षांचा खड्डा आहेच.

रोप निवडताना मात्र सावध. कडुनिंब अजिबात नको. तो एकदा रुजला की 45 डिग्रीतही तग धरतो आणि पुढच्या जुलैत खड्डा मोकळा मिळत नाही. शिवाय रोपवाटिकेतला कडुनिंब असतो गुडघ्याएवढा, फोटोत दिसत नाही. सहा फुटी गुलमोहर आणा, म्हणजे धरायला आठ जणांना जागा होते.

खरा जीव लावा रोपाभोवतीच्या लोखंडी जाळीला. आमच्या रस्त्यावर एक आहे: पिवळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली निळा, पोपडे उडालेत तिथून तीन अध्यक्ष ओळीने वाचता येतात. आत एक वाळकी काडी आणि खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी. काडीला बांधलेली सुतळी अजून शाबूत. गेल्या वर्षी कुदळ मारायला बोलावलेला माळी म्हणाला, "काहून एवढा घाम गाळता साहेब? माती भुसभुशीतच हाय. मागच्या साली बी इथंच लावलं न आपण!" अशा माणसाला फोटोच्या वेळी चहा आणायला पाठवा.

1905 साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी तीन मित्रांसोबत रोटरी क्लब काढला, तेव्हा बैठका पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात फिरायच्या, म्हणून ते नाव. तुमचा क्लब कुठलाही असो, फिरण्याची परंपरा जपा. अध्यक्ष फिरू द्या, खड्डा जागच्या जागी.

भिंती रंगवायच्या असतील तर वाघ आणि संत्री. 2023 च्या मार्चमध्ये जी-20 मधल्या नागरी संस्थांच्या सी-20 बैठकीचे पाहुणे आले तेव्हा वर्धा रोड नटला होता, तेव्हापासून शहराला नटण्याची चटकच लागली आहे. फार विचार करू नका, वाघ मांजरासारखा दिसला तरी चालतो.

पाणपोईचं उद्घाटन नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशी, 24 मेला. दोन रांजण, ओलं लाल फडकं, पाण्यात वाळा, साखळीला बांधलेला ग्लास. रांजण रोज भरणार कोण, हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी काढला तर जेवण वाढायला सांगा.

एक धोका राहिला. प्रत्येक क्लबात एखादे निवृत्त काका असतात, जे एप्रिलच्या दुपारी स्कूटरवर पाण्याची कॅन घेऊन फिरतात. फोटो नाही, बॅनर नाही, ग्रुपवर साधा मेसेज नाही. त्यांना वेळीच कुठल्यातरी कमिटीवर घ्या. आमच्या काकांना कोणी आवरलं नाही आणि त्यांनी चौकातलं एक झाड जगवलं. खोड असं फुगलं की जाळीचे गज सालीत रुतले आणि देणगीदाराच्या पाटीची शेवटची तीन अक्षरं लाकडात गेली. देणगीदार मीटिंगला आले, शांतपणे बसले, आणि जाळी वाचवायची तर झाड काढायला परवानगी कुठे मिळते, ते विचारून गेले.